डोक्याला भुंगा लागलाय? मग भ्रामरी नीट शिकून घ्या

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे मी. पॉवर प्रेस दिवसभर धाडधाड चालू असतात, कानात प्लग घातले तरी तो दणका हाडातून आत येतोच. पण खरा त्रास त्या आवाजाचा नव्हता, खरा त्रास घरी आल्यावर व्हायचा. जेवून आडवा झालो की डोकं चालू व्हायचं, उद्याचं टार्गेट, घराचा हप्ता, पोरीचं अकरावीचं अ‍ॅडमिशन, फिरून परत टार्गेट. डोक्याला भुंगा लागणं म्हणतात ते हेच. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचो आणि सकाळी सहाला परत कंपनीची बस.

माझी मावशी इंदिरानगरला राहते, सोसायटीच्या हॉलमध्ये बरीच वर्षं योगवर्ग घेते. एका रविवारी तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "भुंगा लागलाय म्हणतोस ना, मग त्याला आतल्या आत कशाला फिरवतोस, नाकातून बाहेर काढ की." तिने त्या दिवशी शिकवली ती भ्रामरी. त्याला आता सहा वर्षं झाली, आणि दिवसातून एकदा तरी बसल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातले बरेच जण दोन-तीन दिवसांत सोडून देतात, कारण करायची कशी तेच नीट कोणी सांगत नाही, नुसतं कान बंद करा आणि हम्म करा एवढंच सांगतात. म्हणून हे सगळं बैजवार लिहितोय.

भ्रामरी म्हणजे काय

भ्रमर म्हणजे भुंगा. जुन्या नाशकात वाड्यांच्या तुळयांमध्ये, नाहीतर मांडवाच्या बांबूत भोक पाडून राहणारा तो काळा जाड भुंगा ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एका सुरात, अजिबात न तुटणारा, ऐकायला बारीक पण भरलेला असा तो आवाज असतो. नाकाने श्वास आत घ्यायचा आणि सोडताना ओठ मिटून तसाच आवाज काढत हळूहळू सोडायचा, एवढाच हा प्राणायाम.

प्रकार जुना आहे. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत, म्हणजे साधारण पंधराव्या शतकातल्या ग्रंथात, आठ कुंभक, म्हणजे प्राणायामाचे प्रकार, सांगितलेत, सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा आणि प्लाविनी. त्यात श्वास घेतानासुद्धा भुंग्याचा आवाज काढायला सांगितलंय आणि सोडताना भुंगीचा, म्हणजे अजून बारीक आणि अगदी मंद. घेतानाचा आवाज नवीन माणसाने करू नये, घशाला ताण पडतो. सोडतानाचा जमला तरी खूप आहे.

आणि नाशिककरांसाठी एक गोष्ट. शक्तिपीठांच्या यादीत जनस्थान म्हणून जे येतं ते आपलं नाशिक, तिथे सतीची हनुवटी पडली असं मानतात आणि तिथल्या देवीचं नाव आहे भ्रामरी. गावातल्या भद्रकालीला हे स्थान मानतात. प्राणायामाचा आणि या कथेचा थेट संबंध नाही, पण आवाज चांगला लागला की थरथर पहिली हनुवटीत आणि दातांच्या मुळाशी जाणवते, आणि मला तेव्हा दर वेळी ही गोष्ट आठवते.

याने होतं काय

आधी एक साधा प्रयोग करा. डाव्या मनगटाची नाडी उजव्या हाताच्या बोटांनी पकडा आणि सावकाश लांब श्वास घ्या, मग त्याहून सावकाश सोडा. बऱ्याच जणांना लक्षात येतं की श्वास घेताना ठोके थोडे भरभर पडतात आणि सोडताना थोडे रेंगाळतात. शरीराची रचनाच तशी आहे, श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम जरा ओढला जातो. म्हणजे सोडायचा वेळ जेवढा वाढेल तेवढा हा निवांतपणाचा भाग जास्त चालतो. आपण एरवी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, भ्रामरी करताना ते आपोआप पाच-सहावर येतात, कारण आवाज काढत श्वास घाईने सोडताच येत नाही. नुसतं "श्वास लांब सोडा" असं सांगितलं तर मन मध्येच पळतं, इथे आवाज असल्यामुळे मनाला धरायला काहीतरी मिळतं आणि आवाज थरथरला की लगेच कळतं की आपण ताणतोय. म्हणून नवीन माणसाला मी अनुलोम-विलोमच्या आधी भ्रामरी सांगतो.

दुसरी गोष्ट नाकाची. नाकाच्या आजूबाजूला हाडात ज्या पोकळ्या असतात, ज्यांना आपण सायनस म्हणतो, तिथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होत असतो. हा वायू शरीरात रक्तवाहिन्या सैल करण्याचा निरोप पोचवतो, आणि त्या शोधाला १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालंय. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की नुसता श्वास सोडताना नाकातून हा वायू जेवढा बाहेर येतो त्याच्या जवळपास १५ पट गुणगुणताना येतो, कारण आवाजाच्या थरथरीने त्या पोकळ्यांतली हवा हलते, अदलाबदल होते. कदाचित म्हणूनच सर्दीनंतर कपाळ जड होतं तेव्हा भ्रामरीने मोकळं वाटतं.

पण याच्यापुढे जाऊन जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. भ्रामरीने थायरॉइड बरा होतो, शुगर जाते, रक्तात ऑक्सिजन वाढतो, वगैरे. निरोगी माणसाचा ऑक्सिजन बोटावरच्या मशीनवर आधीच ९५ च्या वर असतो, तो अजून कुठे वाढवणार. बीपीची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवायची, भ्रामरी गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. झोप लवकर लागणं, चिडचिड कमी होणं, रागाने तोंडावर आलेला शब्द मागे घ्यायला दोन सेकंद मिळणं, हे मात्र मी स्वतः अनुभवलंय आणि माझ्या मते तेवढ्यासाठी दहा मिनिटं काढणं एकदम वसूल आहे.

बसायच्या आधी

पोट रिकामं पाहिजे. सकाळी उठून आंघोळ-बिंघोळ झाल्यावर सगळ्यात बेस्ट. जेवणानंतर करायची असेल तर तीन-चार तास गेले पाहिजेत, आणि रविवारी मिसळ-पाव खाऊन आल्यावर तर संध्याकाळपर्यंत थांबाच, तर्री घशाशी येते आणि आवाज काही लागत नाही. रात्री झोपेसाठी करायची तर जेवण लवकर उरका, आम्ही साडेसातला जेवतो आणि मी साडेदहाला बसतो.

नाक साफ करून घ्या. डिसेंबर-जानेवारीत इकडे थंडी कडक असते, निफाडकडे तर पारा पार खाली जातो, सकाळी नाक चोंदलेलं असतं. अशा वेळी कोमट पाणी प्यायचं, दोन मिनिटं वाफ घ्यायची, मग बसायचं. एक नाकपुडी थोडी बंद असली तरी चालतं, दोन्ही ठप्प असतील तर त्या दिवशी सोडून द्या, ओढून-ताणून करू नका. जलनेती, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं, येत असेल तर उत्तम पण ती कुणाकडून तरी समोर बसून शिकावी, वाचून करू नये.

बसायला जमिनीवर सतरंजी, आणि बुडाखाली चादरीची घट्ट घडी. ही घडी लोक टाळतात आणि तिथेच गडबड होते. घडी नसली तर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतं, पोट दाबलं जातं आणि श्वास अर्धाच भरतो. गुडघे कमरेपेक्षा खाली आले पाहिजेत एवढी जाड घडी घ्या. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला न टेकवता. त्यात कमीपणा काही नाही.

आता प्रत्यक्ष

डोळे मिटा. सुरुवातीला चार-पाच श्वास साधेच होऊ द्या, मोजू नका, बदलू नका, नुसतं बघा. कारण आपण धावत-पळत येऊन बसलेलो असतो, तो धावता श्वास लगेच लांब करायला गेलात तर जीव घाबरा होतो.

मग तोंडाची ठेवण. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा थांबून सांगतो. ओठ मिटलेले, पण नुसते टेकलेले, दाबलेले नाही. आत दात सुटे पाहिजेत, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये तांदळाचा दाणा मावेल एवढी फट. जीभ सैल. दात चावून धरले की आवाज घशातच कोंडतो आणि दहा मिनिटांनी जबडा दुखायला लागतो. मी पहिले पंधरा दिवस हेच केलं, जबडा आवळून, जोर लावून मोठ्ठा आवाज, आणि श्वास पार संपेपर्यंत ओढायचा. परिणाम काय, कानशिलं ठणकायची आणि एकदा उठताना असं गरगरलं की भिंत धरावी लागली. मावशीला सांगितलं तर तिने माझ्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवली आणि म्हणाली आता कर. बोटांना स्नायू कडक लागला की ती नुसतं "हं, सोड" म्हणायची. चार-पाच वेळा असं झाल्यावर हनुवटी खाली सैल सुटली आणि आवाज एकदम वर नाकात, कपाळात सरकला. तेव्हा पहिल्यांदा कळलं की भ्रामरी म्हणजे काय. तुम्हीसुद्धा स्वतःची दोन बोटं हनुवटीखाली ठेवून तपासा, मऊ लागली पाहिजे.

हात. कानाच्या भोकापुढे, गालाच्या बाजूला जो छोटा कुरकुरीत उंचवटा असतो ना, तो अंगठ्याने किंवा तर्जनीने हलकेच आत दाबायचा म्हणजे भोक झाकलं जातं. बोट भोकात घालायचं नाही, कधीच नाही. कोपर खांद्याएवढे वर जातात, दोन-तीन मिनिटांत हात भरून येतात, तेव्हा कोपर थोडे खाली येऊ द्या, छातीला मात्र चिकटवू नका. षण्मुखी मुद्रा, म्हणजे अंगठे कानावर, तर्जनी डोळ्यांवर, मधली नाकाच्या बाजूला, अनामिका वरच्या ओठावर आणि करंगळी खालच्या ओठाखाली, ही नंतर करा. आणि करताना बोटं पापण्यांवर नुसती टेकवायची, बुबुळ दाबायचं नाही.

आता श्वास. दोन्ही नाकपुड्यांनी, आवाज न करता, मनात चार आकडे म्हणत आत घ्या. खांदे वर उचलायचे नाहीत, बरगड्या बाजूला फुगल्या पाहिजेत. गच्च भरू नका, पाण्याचा तांब्या काठोकाठ भरला की चालताना सांडतो ना, तसं होतं, साधारण पाऊण भरा. आत रोखायचा नाही. लगेच ओमकारातला शेवटचा मकार, तो म्, तेवढाच सुरू करा. आवाज मोठा नको. आवाज खालच्या पट्टीत, जिथे तुम्ही सहज बोलता तिथला, बाईमाणसांचा थोडा वर असेल, पोरांचा अजून वर, जो सहज लागेल तो तुमचा सूर. तंबोऱ्याची तार छेडल्यावर जसा एकसारखा गुंजत राहतो तसा, सुरुवातीला जेवढा तेवढाच शेवटपर्यंत.

कुठे थांबायचं? बहुतेक लोक इथेच चुकतात. श्वास पूर्ण संपेपर्यंत नाही, आवाज थरथरायला लागायच्या जरा आधी थांबायचं. खूण सांगतो, पुढचा श्वास जर सावकाश, आवाज न करता घेता आला तर तुमचं माप बरोबर आहे. आणि जर हपापल्यासारखा झटक्यात आत आला तर तुम्ही ताणलंत, पुढचं आवर्तन दोन आकडे कमी करा. सेकंद वाढवायची चढाओढ लावायची नाही, ना शेजारच्याशी, ना कालच्या स्वतःशी. हठप्रदीपिकेतच म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण वश करायचा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. मला भिंत धरावी लागली होती त्यामुळे हे मी अगदी मनावर घेतलंय.

एक आवर्तन झालं की हात मांडीवर आणा, एक-दोन साधे श्वास घ्या, मग दुसरं. पहिल्या आठवड्यात पाचच आवर्तनं. दुसऱ्यात सात. महिनाभराने अकरापर्यंत जा आणि तिथेच राहा, त्याच्यापुढे संख्या वाढवण्यात मला तरी विशेष काही सापडलं नाही. श्वास घ्यायला चार आकडे लागत असतील तर सोडायला आठ व्हावेत हे माप डोळ्यासमोर असू द्या, पण ते महिना-दीड महिन्यात आपोआप येतं. सुरुवातीला चारला सहा झाले तरी छान.

आणि मग उठायचं नाही! शेवटचा आवाज थांबला की हात खाली, डोळे मिटलेले, दोन-तीन मिनिटं तसंच बसून राहा. कानात एक वेगळीच शांतता असते, पंख्याचा आवाज, लांब कुठे तरी जाणारी रेल्वे, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, सगळं ऐकू येतं पण लांबून, आणि मधलं जे रिकामं असतं तेसुद्धा ऐकू येतं. मला विचाराल तर सगळी भ्रामरी या तीन मिनिटांसाठी करायची. लोक आवर्तनं मोजून पटकन उठतात आणि मोबाईल हातात घेतात, मग म्हणतात काही फरक पडला नाही.

आवाज नीट लागतोय का ते कसं बघायचं

एक हात कपाळावर, एक छातीच्या मधल्या हाडावर ठेवा आणि आवाज काढा. दोन्हीकडे बारीक थरथर पाहिजे. फक्त गळ्याशी जाणवली तर दात सुटे करा, हनुवटी किंचित खाली घ्या. नुसती नाकाच्या शेंड्याला गुदगुल्या होत असतील तर आवाज फार वर लावलाय, पट्टी उतरवा.

माझी आई ७४ वर्षांची, तिला शिकवताना वेगळीच अडचण आली. ती आवाज काढायची आणि मध्येच थांबून गालाला हात लावायची, काय होतंय ते सांगायची नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, कवळी वाजते रे आत." सैल झालेली कवळी थरथरीने हिरड्यांवर आपटत होती. मग कवळी काढून वाटीत ठेवायची आणि करायची, असं ठरलं. तिचा आवाज त्यानंतर इतका सुंदर लागला की पोरगी आतल्या खोलीतून बघायला आली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शिकवत असाल तर ही गोष्ट आधीच विचारा, ते स्वतःहून सांगत नाहीत.

कोणी जपून करायची

कान फुटलाय, पू येतोय, कानाचं नुकतंच ऑपरेशन झालंय, अशांनी कान दाबायचेच नाहीत, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. हाय बीपी, हृदयाचा त्रास, गरोदर बायका, यांनी श्वास अजिबात रोखायचा नाही, आवाज मऊ आणि आवर्तनं कमी, आणि आधी डॉक्टरांशी बोलून. फिट येण्याचा त्रास असेल तरी डॉक्टरांना विचारूनच. दम्याचा अटॅक चालू असताना हे करायचं नसतं, तेव्हा पंप आणि डॉक्टर. करताना चक्कर, छातीत दुखणं, बोटांना मुंग्या असं काही झालं तर तिथेच थांबून साधा श्वास घ्या, आणि छातीत दुखणं असेल तर अंगावर काढू नका, दवाखाना गाठा. आडवं पडून करू नका.

अजून एक, हे फार कोणी बोलत नाही. काही जणांना कान-डोळे बंद केले की उलट घाबरायला होतं, छाती धडधडते, विशेषतः ज्यांना आधी पॅनिकचा त्रास झालाय. माझ्या लाइनवरच्या एका पोराला असं झालं. त्याला म्हटलं डोळे उघडे ठेव, कान मोकळे ठेव, समोर खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत नुसता आवाज कर. त्याला ते जमलं.

समोर बसून शिकायला मिळालं तर जरूर शिका. आपल्या नाशिकमध्ये योग शिकवणाऱ्यांची कमी नाही, विश्वास मंडलिक सरांनी १९७८ मध्ये सुरू केलेलं योग विद्या धाम इथलंच, २०१८ साली त्यांना पंतप्रधान योग पुरस्कारही मिळाला. गल्लोगल्ली, सोसायटीत, कृषीनगरच्या ट्रॅकवर सकाळी कोणी ना कोणी शिकवत असतंच. जो माणूस तुमच्या जबड्याकडे आणि खांद्याकडे लक्ष देतो तो धरा, जो नुसते आकडे मोजतो त्याच्यापाशी वेळ घालवू नका.

कधी करायची

सकाळी केली तर दिवसभर डोकं थंड राहतं, रात्री केली तर झोप. दोन्ही जमत नसेल तर ज्याचा त्रास जास्त आहे ती वेळ धरा. रात्रीसाठी माझी पद्धत अशी, दिवा मालवायचा, मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, गादीवरच भिंतीला न टेकता बसायचं, सात आवर्तनं, पाच मिनिटं शांत, आणि मग तसंच न बोलता आडवं व्हायचं. पहिल्या दिवशी झोप लागली नाही म्हणून सोडू नका. मला साधारण तिसऱ्या आठवड्यात फरक कळला, तोही बायकोने सांगितला तेव्हा, की तुम्ही आता कूस बदलत नाही सारखी.

आणि बसायला जागाच नसेल तेव्हाची एक पद्धत. कंपनीची बस द्वारका चौकात अडकली, हॉर्नवर हॉर्न चालू झाले की मी बॅग मांडीवर घेतो, ओठ मिटतो, दात सुटे करतो आणि शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही एवढा बारीक म् लावतो. कान झाकायचे नाहीत, डोळे उघडेच, खिडकीतून बाहेर. मुंबई नाका येईपर्यंत नऊ-दहा आवर्तनं होतात, त्र्यंबक नाक्यापासून नुसता गप्प बसतो, आणि सातपूरला उतरतो तेव्हा खांदे खाली आलेले असतात.